राइक्सम्युझियमची मोफत चित्रसेवा: रडकं पोर कागदावर रडकंच उतरतं का?

ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममधली चित्रे घरबसल्या, मोठ्या आकारात आणि एक पैसाही न देता उतरवून घेता येतात. २०१२ साली सव्वा लाख कलाकृतींची छायाचित्रे खुली करून या संग्रहालयाने ही सेवा सुरू केली. हक्कमुक्त झालेली जुनी चित्रे छापा, वर्गात लावा, कापून वापरा, विकायच्या वस्तूवर घाला, परवानगी मागावी लागत नाही. सेवा उत्तम आहे, हे आधीच सांगून टाकतो. पण नागपुरातल्या कलाशिक्षकाला, ग्रेड परीक्षेच्या तयारीतल्या मुलांना किंवा बैठकीत एखादे चांगले चित्र लावू पाहणाऱ्याला खरा प्रश्न पुढेच पडतो. ती फाइल सीताबर्डीच्या नाहीतर धरमपेठेच्या दुकानातून कागदावर येते, तेव्हा चित्रातले नेमके काय शिल्लक राहते?

हे तपासायला सगळ्यांत नाजूक माल घेतला आहे: सतराव्या शतकातल्या डच घरगुती प्रसंगचित्रांतली लहान मुले. फुलदाणी, समुद्र, गाई, ढग कसेही छापले तरी ओळखू येतात. मुलाच्या चेहऱ्यावरचा भाव मात्र कॅनव्हासवर चार बोटांच्या जागेत असतो, तोही बरेचदा अर्ध्या सावलीत. शाई जरा घट्ट बसली की रडणारे पोर नुसतेच मळक्या तोंडाचे दिसते. छपाई इथे उत्तीर्ण झाली तर बाकी कुठेही होईल.

मुलांचे भाव अवघड का, हे आधी समजून घ्यायला हवे. त्याशिवाय छापलेला कागद बरा की वाईट हे दुकानात उभे राहून ठरवता येणार नाही. इटालियन लेखक अल्बर्टीने १४३५ सालीच चित्रकारांना बजावले होते की हसरा चेहरा काढायला जावे आणि तो रडका दिसावा, हे टाळणे फार कठीण. कारण दोन्हींत तोंड उघडते, डोळे बारीक होतात, गाल वर चढतात. फरक राहतो तो भुवयांच्या आतल्या टोकांत, ओठांच्या कोपऱ्यांत आणि हनुवटीत. रडताना भुवयांची आतली टोके वर ओढली जातात, ओठांचे कोपरे खाली येतात किंवा तोंड चौकोनी होते, हनुवटीवर खळगे पडतात. हसताना गाल खालच्या पापणीला वर ढकलतो आणि ओठांचे कोपरे मागे जातात.

आता यातल्या अर्ध्या खुणा लहान मुलाच्या चेहऱ्यावर नसतातच. भुवया विरळ, कपाळावर आठ्या जवळजवळ पडत नाहीत, गालांत चरबीची गादी. मोठ्या माणसाच्या डोक्याच्या साधारण मध्यावर डोळ्यांची रेषा येते. तीन-चार वर्षांच्या मुलात ती मध्याच्या खाली असते. म्हणून चेहऱ्याचा सगळा बोलका भाग खालच्या थोड्याशा जागेत दाटलेला असतो. तिथे रेघ काढून भाव दाखवायला गेले की मूल म्हातारे दिसते. स्मरणचित्राच्या पेपरात मुलांनी काढलेली मुले बघा: एकतर सगळी एकाच शिक्क्याने हसतात किंवा रडणारे मूल पन्नाशीचे वाटते. डच चित्रकार हे रेघेने न करता छटेने करतात. पापणीखाली थोडी उबदार सावली, नाकपुडीशेजारी थोडा लाल, ओठाच्या कोपऱ्यात एक गडद ठिपका. छपाईत पहिल्यांदा मरतात त्या नेमक्या याच छटा.

संग्रहातली तीन चित्रे या कामाला पुरतात.

पहिले यान स्टेनचे ‘सेंट निकोलसचा सण’, १६६५ ते १६६८ दरम्यानचे, ८२ सेंटिमीटर उंच आणि ७०.५ रुंद. ५ डिसेंबरच्या संध्याकाळी डच मुले बुटात काय मिळते याची वाट पाहतात. चांगल्या मुलाला खाऊ-खेळणी, खोडकराला झाडाच्या काटक्यांची छडी. आपल्याकडे तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल घेऊन घरोघर फिरणाऱ्या मुलांपैकी एकालाच बोजारा (खाऊ-पैसे) मिळाला नाही तर अंगणात जे होईल, ते इथे घरात झाले आहे. डावीकडचा मोठा मुलगा रडतो आहे, कारण त्याच्या बुटात छडी निघाली. तो बूट एक मुलगी सगळ्यांना दिसेल असा धरून उभी आहे. मधला धाकटा त्याच्याकडे बोट दाखवून हसतो. छोटी मुलगी खाऊची बादली हातात अडकवून बाहुली छातीशी कवटाळते, आई हात पुढे करते तरी ती द्यायला तयार नाही. उजवीकडे धुराड्याकडे वर बोट दाखवणारा एक, त्याच्या हातात तान्हे बाळ, शेजारी तोंड उघडून वर बघणारा मुलगा. आणि मागे, जवळजवळ अंधारात, पलंगाच्या पडद्यापाशी आजी रडक्या नातवाला बोटाने बोलावते. त्याच्यासाठी पडद्याआड बहुतेक काहीतरी आहे.

रडण्याने, हसण्याने, कौतुकाने उघडलेली तोंडे एकाच खोलीत, एकाच उजेडात शेजारी शेजारी मिळतात. वर्गात शिकवायला याहून सोयीचे चित्र आम्हाला माहीत नाही. रडणारा आणि हसणारा भाऊ असल्याने नाक-डोळे एकाच घराण्यातले वाटतात. फरक उरतो तो निव्वळ भावाचा. गोंगाटाच्या, पसारा पडलेल्या घराला डच भाषेत आजही ‘यान स्टेनचे घर’ म्हणतात, पण हा पसारा फार मोजून मापून मांडलेला आहे. आजीचे बोट दिसले नाही तर गोष्ट क्रूर होते, दिसले तर मायेची. आणि साध्या छपाईत पहिल्यांदा नाहीशी होते ती आजीच.

दुसरे गाब्रिएल मेत्सूचे ‘आजारी मूल’, साधारण १६६४ ते १६६६ मधले. ॲमस्टरडॅमला १६६३-६४ मध्ये प्लेगची मोठी साथ येऊन गेली होती. चित्र फक्त ३२.२ × २७.२ सेंटिमीटरचे. बाईच्या मांडीवर मूल, पाय लुळे सोडलेले, बाजूला पेजेचे भांडे, मागे राखाडी भिंत. इथे तोंड वेडेवाकडे नाही, अश्रू नाहीत. भाव आहे तो भाव नसल्याचा. नजर कशावरच टिकलेली नाही, चेहरा मेणासारखा. ज्याने तापाने फणफणलेले मूल मांडीवर घेतले आहे त्याला ही नजर लगेच कळते. मुलाच्या कातडीला मुद्दाम पिवळट, थंड छटा दिली आहे आणि भोवतीच्या कपड्यांत लाल, निळा, पांढरा हे ठळक रंग आहेत. गालांवर छपाईने गुलाबी चढवला की मूल बरे होते आणि चित्र संपते.

तिसरे पीटर द होखचे, आई मुलाच्या डोक्यातल्या उवा काढते ते, १६५८ ते १६६० च्या सुमाराचे, ५२.५ × ६१ सेंटिमीटर. मुलाचे तोंड आईच्या मांडीत, म्हणजे चेहरा दिसतच नाही. तरीही ‘थांब, हलू नको’ आणि ‘झालं का’ हे दोन्ही पाठीवरून वाचता येते. भाव म्हणजे तोंड ही समजूत मोडायला हे चित्र ठेवावे.

वेळ असेल तर स्टेनचीच आणखी दोन पाहावीत. एक मांजराला मागच्या पायांवर उभे करून नाचवणाऱ्या मुलांचे, ६८.५ × ५९ सेंटिमीटर. त्यात सगळ्यांत दुःखी चेहरा मांजराचा आहे. दुसरे १६६८ चे ‘आनंदी कुटुंब’, जिथे मोठ्यांचे बघून पोरे दारू-तंबाखूला हात घालतात आणि भिंतीवरच्या चिठ्ठीत ‘थोर गातात तसे पोर वाजवतात’ अशा अर्थाची डच म्हण लिहिलेली आहे. खाण तशी माती, तंतोतंत.

आता सेवेकडे. संकेतस्थळ डच आणि इंग्रजीत आहे. ‘चाइल्ड’ असा शब्द टाकून शोधले तर चांदीची भांडी, व्यक्तिचित्रे, ठसे, छायाचित्रे असा हजारोंचा ढीग समोर येतो आणि हवे ते त्यात सापडत नाही. चित्रकारांच्या नावांचे स्पेलिंगही मुलांना जड जाते. सरळ उपाय म्हणजे संग्रहक्रमांक. अक्षरे रोमन, आकडे इंग्रजी, मध्ये आडव्या रेघा: सेंट निकोलससाठी एसके-ए-३८५, आजारी मुलासाठी एसके-ए-३०५९, द होखच्या आईसाठी एसके-सी-१४९, नाचणाऱ्या मांजरासाठी एसके-ए-७१८, आनंदी कुटुंबासाठी एसके-सी-२२९. क्रमांक टाकला की चित्रापर्यंत थेट पोचता येते. शोधयंत्रातून मिळालेली कुठलीतरी प्रत वापरू नका. याच संग्रहालयातल्या व्हर्मीरच्या दूध ओतणाऱ्या बाईच्या पिवळट प्रती इंटरनेटवर इतक्या पसरल्या होत्या की संग्रहालयाच्या दुकानातले खऱ्या रंगाचे पोस्टकार्ड लोकांना खोटे वाटू लागले. चांगल्या प्रती खुल्या करण्यामागे हेही एक कारण होते.

पडद्यावर मोठे करून पाहण्याची सोय या सेवेची सगळ्यांत मोठी जमेची बाजू आहे. बोटांनी ताणत रडक्या मुलाच्या चेहऱ्यापर्यंत गेले तरी चित्र फुटत नाही, कुंचल्याचा माग दिसतो. फोन मात्र थोडा फसवतो. उजेड पूर्ण वाढवला की सावल्या उजळ दिसतात आणि छापलेला कागद काळपट वाटतो. उजेड निम्म्यावर आणून, डोळ्यांच्या सुखासाठी लावलेली पिवळी रात्रछटा बंद करून पाहावे. कागद साधारण त्याच्या जवळ येईल. माहितीचे लेखन मोजके आहे. प्रसंग काय, कुणाचे, कधीचे, एवढे मिळते. चेहरा कसा वाचायचा, याबद्दल जवळजवळ काही नाही. शिक्षकाने तयारी स्वतःच करायची, ही या सेवेची खरी उणीव.

फाइल हातात आली की पहिले काम तिचे पिक्सेल बघण्याचे. प्रत्येक चित्राची फाइल वेगळ्या आकाराची असते. एकच हिशेब लक्षात ठेवावा: फाइलच्या उंचीचे पिक्सेल भागिले मूळ चित्राची उंची सेंटिमीटरमध्ये. उत्तर ११८ च्या आसपास आले तर चित्र मूळ आकारात, नाकाला लावून पाहिले तरी धारदार छापेल. ६० आले तर हातभर अंतरावरून छान. ४० च्या खाली असेल तर मूळ आकाराचा नाद सोडावा. उदाहरणार्थ स्टेनची ५००० पिक्सेल उंच प्रत मिळाली, तर ५००० भागिले ८२ म्हणजे ६१, चालेल. मेत्सूला मूळ आकारात ११८ हवे असतील तर ३८०० पिक्सेल उंची आणि ३२०० रुंदी पुरते. ‘आनंदी कुटुंब’ १४१ सेंटिमीटर रुंद आहे. रुंदीचा भागाकार रुंदीशी करा; ५००० पिक्सेलला ३५ येतात, म्हणून त्याचा हट्ट धरू नये.

मूळ आकारावर इतका जोर का? कारण इथेच सगळे चुकतात. अख्खा सेंट निकोलस ए-थ्रीवर छापला की तो निम्म्याहूनही लहान होतो, चेहरा नखाएवढा उरतो, आणि पापणीखालची सावली शाईच्या दोन ठिपक्यांत बसवायची वेळ येते. त्यापेक्षा चित्रातला फक्त तेवढा तुकडा कापून तो मूळ आकारात छापावा. ए-फोर म्हणजे २१ × २९.७ सेंटिमीटर. स्टेनच्या चित्रात हा तुकडा रुंदीच्या सुमारे ३० टक्के आणि उंचीच्या ३६ टक्के येतो. तेवढे माप ठरवून डावीकडचा रडका मुलगा कापायचा, दुसऱ्या कागदावर हसरा भाऊ. अख्ख्या चित्राची एक छोटी प्रत संदर्भाला जोडली की झाले. वर्गासाठी हे एका मोठ्या पोस्टरपेक्षा स्वस्त पडते आणि शेवटच्या बाकावरच्या मुलाच्याही हातात चेहरा येतो.

मेत्सू मात्र नागपूरच्या दुकानांसाठीच काढल्यासारखा आहे. २७.२ × ३२.२ सेंटिमीटर ए-थ्रीवर मूळ आकारात बसते, दोन्ही बाजूंना सव्वा-सव्वा सेंटिमीटर पांढरी जागा उरते. फोटो लॅबच्या १२ × १८ इंची कागदावरही बसते, पण तिथे एक खोड आहे. लॅबचे यंत्र चित्र कागदभर ताणते. हे चित्र त्या कागदाच्या मानाने रुंद असल्याने डावी-उजवीकडचा जवळजवळ दहावा-दहावा हिस्सा उडतो आणि पेजेच्या भांड्यावर गदा येते. म्हणून घरीच ३६०० × ५४०० पिक्सेलचा पांढरा पट घ्यावा, त्यात मध्यभागी ३२१३ × ३८०३ पिक्सेलचे चित्र ठेवावे, आणि ती फाइल द्यावी. आता यंत्राला ताणायला काही उरतच नाही.

फाइल दुकानात पोचवतानाच निम्मे नुकसान होते. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवली की ती आकसून जाते. दुकानदाराला मोठी दिसते, पण आतले बारकावे गेलेले असतात. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, ई-मेल करा, नाहीतर सरळ पेन ड्राइव्ह घेऊन जा. दुकानात फाइलचे पिक्सेल पुन्हा मोजायला लावा, त्यात संकोच नको. आणि फाइल लहान आहे म्हणून कुणी ‘एआयने मोठी करून देतो’ म्हणाले तर नम्रपणे नाही म्हणा. ही साधने पापण्या आणि दात स्वतःच्या मनाने भरतात, कातडी गुळगुळीत करतात, दोन्ही डोळे सारखे करतात. स्टेनचा रडका मुलगा त्यातून जाहिरातीतल्या बाळासारखा बाहेर पडतो.

छपाईच्या यंत्रांबद्दल स्पष्ट मते आहेत.

फ्लेक्सवर ही चित्रे छापू नयेत. ते दहा फुटांवरून वाचायच्या अक्षरांसाठी आहे. डिजिटल ऑफसेटची १३ × १९ इंची शीट, ३०० जीएसएम (कागदाच्या वजनाचे माप) आर्ट कार्डावर, लगेच मिळते आणि वर्गातल्या वापराला पुरते. पण टोनर गडद भागात चकाकतो, मऊ सावलीत पट्टे दिसतात आणि कातडी नारिंगीकडे झुकते. स्टेनचे हसरे चेहरे तिथे निभावतात, मेत्सूचे मूल नाही.

फोटो लॅबचा कागद छटांना चांगला. मात्र लॅबचे यंत्र आपोआप ‘करेक्शन’ करते: काळे अधिक काळे, चेहरे अधिक गुलाबी. लग्नाच्या फोटोला ते शोभते. इथे आजी अंधारात जाते आणि आजारी मुलाच्या गालांवर लाली येते. ऑर्डर देताना ‘नो करेक्शन’ असे तोंडी सांगून शिवाय पाकिटावर लिहून घ्यावे. कागद ग्लॉसी नको, मॅट किंवा बारीक दाण्याचा लस्टर घ्यावा; ट्यूबलाइटच्या झळाळीत ग्लॉसीवरची सावली दिसतच नाही.

सगळ्यांत चांगली प्रत पिगमेंट शाईच्या इंकजेटवर मिळते, आठ किंवा जास्त शायांचे यंत्र असेल तर. छायाचित्रकारांना आणि चित्रकारांना प्रिंट काढून देणाऱ्या दुकानांत हे असते. दर बहुधा चौरस फुटावर असतो, म्हणून तुकडे एका मोठ्या फाइलमध्ये शेजारी मांडून न्यावेत. मेत्सूसाठी ३१० जीएसएमच्या आसपासचा मॅट कॉटन कागद घ्यावा, राखाडी भिंत आणि मेणचट कातडी त्यावर फार सुंदर उतरते. स्टेनला मॅट कागद नको. मॅटवर काळा रंग तितका खोल जात नाही आणि गडद छटा एकमेकींत मिसळतात. त्याला बरायटा (किंचित चमक असलेला फोटो-कागद) किंवा सेमी-ग्लॉस. पूर्ण चित्र ८२ × ७०.५ च्या मूळ आकारात हवे असेल तर ३६ इंची रोल लागतो. २४ इंची रोल म्हणजे ६१ सेंटिमीटर, त्यावर नाचणारे मांजर मावते, सेंट निकोलस मावत नाही.

यंत्र कोणतेही असो, आधी पट्टी छापून घ्या. ४ × ६ इंचाच्या कागदावर चित्रातला सगळ्यांत गडद पण महत्त्वाचा भाग, स्टेनमध्ये अर्थातच आजी. तीन वेळा शेजारी शेजारी: एक जसाच्या तसा, एक थोडा उजळ, एक आणखी उजळ. उजळ करायचे म्हणजे ब्राइटनेसची दांडी सरकवायची नव्हे, त्याने पांढरे कॉलर आणि बाळाचे कपाळ फिके पडते. कर्व्हमध्ये (फोटो-सॉफ्टवेअरमधली छटांची वक्ररेषा, ० म्हणजे काळा, २५५ म्हणजे पांढरा) ० तसाच ० ठेवावा, ५० चा बिंदू ६० वर न्यावा, १५० च्या वरचे काही हलवू नये. आणखी उजळ असलेल्या तिसऱ्या पट्टीला ५० चा ६६. दुकानात बहुतेक वेळा मधली पट्टी बरोबर निघते. पट्टी दुकानातल्या दिव्याखाली न पाहता दारात, सावलीच्या उजेडात पाहावी, आणि शाई दहा मिनिटे वाळू द्यावी. आजीचे बोट दिसले की पुढची ऑर्डर द्या, नाही तर पुन्हा पट्टी.

घरी आणल्यावरचा उजेडही तितकाच महत्त्वाचा. स्वस्त एलईडीत लाल रंग मरतो, चेहरे हिरवट-राखाडी होतात. खोक्यावर रंगनिष्ठेचा आकडा म्हणजे सीआरआय ९० किंवा जास्त आणि छटा ४००० केल्विनच्या आसपास असलेला दिवा घेतला तर नाकपुडीशेजारचा लालसरपणा परत दिसू लागतो. पैसे फ्रेमच्या नक्षीवर घालण्यापेक्षा दिव्यावर घालावेत.

फ्रेमच्या बाबतीत नागपूरची हवा विसरून चालत नाही. एप्रिल-मेमध्ये भिंती तापतात आणि कूलर दिवसभर ओली हवा खोलीत सोडतो. कागद ते पाणी पितो, फुगतो, आणि चारही बाजूंनी चिकटवलेला असेल तर मधोमध लाटा येतात. चेहऱ्यावर लाट आली की भाव बदलतो, हे शब्दशः खरे आहे: ओठाच्या कोपऱ्याशी जरासा उंचवटा आला तर रडका मुलगा कुत्सित हसताना दिसतो. म्हणून प्रिंट बोर्डावर गोंदाने कधीही पूर्ण चिकटवून घेऊ नये. फक्त वरच्या कडेला कागदी बिजागरीसारख्या दोन पट्ट्यांनी टांगावी, खाली मोकळी सोडावी. वर आम्लमुक्त माउंट (चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट), त्यामुळे काच आणि कागद यांत दोन-तीन मिलिमीटर हवा राहते. काच थेट टेकली तर पावसाळ्यात प्रिंट काचेला चिकटते आणि ऑक्टोबरपर्यंत बुरशीचे ठिपके उमटतात. फ्रेमवाल्याला मागची बाजू कागदी टेपने बंद करायला सांगा. कूलरच्या झोतासमोरची आणि पश्चिमेची भिंत टाळा.

लॅमिनेशनबद्दल वर्गातून वारंवार विचारले जाते. हाताळायच्या तुकड्यांना मॅट लॅमिनेशन चालेल, पण त्याने काळे रंग आणखी दुधाळ होतात. मग कर्व्ह ५० चा ६६ करू नका, ६० वरच थांबा. भिंतीवरच्या प्रतीला लॅमिनेशन अजिबात नको.

हे तुकडे वापरायचे कसे? रडका आणि हसरा, दोन कागद शेजारी ठेवावेत. साध्या कार्डशीटने आधी दोघांचे कपाळ-भुवया झाकाव्यात, मग फक्त तोंडे. कोणत्या अर्ध्यावरून भाव ओळखू येतो आणि कोणत्यावरून येत नाही, हे मुलांना पाच मिनिटांत कळते. नंतर ट्रेसिंग पेपर ठेवून पाचच खुणा करायच्या: भुवईचे आतले टोक, वरची पापणी, खालची पापणी, नाकपुडी, ओठाचा कोपरा. बाह्यरेषा काढू द्यायची नाही. ट्रेसिंग उचलून कोऱ्या कागदावर ठेवले की पाच ठिपक्यांतही रडणे-हसणे वेगळे दिसते. मग २बी पेन्सिलने, डोळे किलकिले करून, फक्त सावल्या. वीस मिनिटे पुरतात. मेत्सू शेवटी द्यावा, कारण त्याच्यात खुणा सगळ्या जागच्या जागी असतात आणि तरी मूल आजारी दिसते. मग मान, खांदे आणि लुळे पाय बघावे लागतात.

याच कामासाठी हेगच्या माउरित्सहाउस संग्रहालयाची चित्रेही उतरवून घेता येतात. तिथला फ्रान्स हाल्सचा हसरा मुलगा, १६२५ च्या सुमाराचा, गोल लाकडी फळीवर, व्यास सुमारे ३० सेंटिमीटर. १२ इंची कागदावर जेमतेम बसतो. त्याचे केस आणि ओठ ओल्या रंगावर ओला रंग टाकून काही फटकाऱ्यांत केलेले आहेत, म्हणून तो छपाईत सगळ्यांत कमी बिघडतो. पहिल्यांदाच प्रिंट काढून बघणाऱ्याने त्याच्यापासून सुरुवात करावी.

आणि ज्या शाळेत रंगीत प्रिंटला पैसेच नाहीत, तिच्यासाठी रेम्ब्राँचे १६३५ चे एचिंग (धातूच्या पत्र्यावर कोरलेल्या रेघांचा ठसा) आहे, पुऱ्या तळाव्यात तशी धिरडी करून विकणाऱ्या बाईचे, मूळ आकार सुमारे ११ × ८ सेंटिमीटर. समोर एक पोर आपले धिरडे कुत्र्यापासून वाचवण्यासाठी जिवाच्या आकांताने आडवे झाले आहे. तिथे छटा नाहीत, फक्त रेघा. त्यामुळे ऑफिसातल्या साध्या ६०० डीपीआय लेझर प्रिंटरवर, झेरॉक्सच्या कागदावरही ते पूर्ण उतरते. दुप्पट आकारात छापावे, ग्रेस्केल निवडावे, ‘टोनर सेव्ह’ बंद ठेवावे.